परिचारिकेने मागितलेली वरदाने

(आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या परिचारिका-मेळाव्यात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



वर मागण्याच्या कथा आपण सर्वांनी बालपणापासून ऐकलेल्या आहेत. सावित्रीने यमाकडे वर मागितले ते आपल्या शेजारच्या घरोघरी सांगितले जाते. आपल्या पवित्र शास्त्रातही शलमोन राजाची कथा आहे. परमेश्वराने त्यास स्वप्नात दर्शन देऊन हवे ते मागण्यास सांगितले, तेव्हा त्याने दीर्घायुष्य मागितले नाही, संपत्ती मागितली नाही, की शत्रूचा नाशही मागितला नाही. प्रजेचा न्याय नीट करता यावा म्हणून समजून घेणारे अंतःकरण तेवढे त्याने मागितले. मनुष्य काय मागतो यावरून त्याच्या अंगावर काम कोणते आहे आणि त्यास उणीव कशाची भासते, या दोन्ही गोष्टी कळून येतात.

हाच विचार मनात धरून महोत्सवाच्या तयारीच्या दिवसांत आम्ही आपल्या धर्मग्रामातील परिचारिका भगिनींकडे कोऱ्या चिठ्ठ्या पाठविल्या. प्रश्न एकच होता : तुमचा कामाचा दिवस सुकर व्हावा म्हणून एखादी अलौकिक शक्ती मिळणार असेल, तर तुम्ही कोणती मागाल? नाव लिहू नये अशी सूचना होती. पहाटेच्या लोकलने मुंबईस जाणाऱ्या, येथल्याच दवाखान्यांत राबणाऱ्या, सरकारी नोकरीत केस पिकलेल्या आणि नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या अशा सर्वांनी उत्तरे धाडली. ती वाचताना प्रथम आम्हांस पुष्कळ हसू आले. एकीने आठ हात मागितले होते. एकीने भिंतीपलीकडचे पाहणारे डोळे मागितले होते. एकीस घड्याळ थांबविण्याची कळ हवी होती. परंतु त्याच चिठ्ठ्या दुसऱ्यांदा वाचल्या तेव्हा ध्यानात आले की, या भगिनींनी आकाशाकडे जे मागितले आहे, त्यांतील बराच भाग माणसांनीच त्यांस द्यावयास हवा होता. आजच्या भाषणात हेच आपणांपुढे मांडावे असा आमचा हेतू आहे.

सर्वांत अधिक वेळा मागितलेले वरदान म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी असण्याची शक्ती. ही शक्ती संतचरित्रे वाचणाऱ्यांस अपरिचित नाही. पेरू देशातील लिमा शहरात १५७९ साली जन्मलेले संत मार्टिन दि पोरेस हे तेथील डॉमिनिकन मठात रुग्णांची शुश्रूषा करीत. लहानपणी ते न्हाव्याचे व शस्त्रवैद्याचे काम शिकले होते. त्या काळी हे दोन्ही धंदे एकच माणूस करी. १६३९ साली ते निवर्तले आणि १९६२ साली पोप तेविसावे जॉन यांनी त्यांस संतपद दिले. बंद दारांतून ते रुग्णाच्या खाटेपाशी येत, आणि एकाच वेळी दोन ठिकाणी दिसत, असे परंपरा सांगते. ही परंपरा एका शुश्रूषा करणाऱ्या बंधूविषयी रूढ व्हावी यात आम्हांस मोठा अर्थ दिसतो. आजाऱ्याने रात्री डोळे उघडले की हा मनुष्य समोर उभा, असा अनुभव पुष्कळांस आलेला असला पाहिजे.

आता आपल्या भगिनींचा अनुभव पाहा. रात्रीची पाळी आहे. वॉर्डाच्या एका टोकास सलाईन संपत आले आहे, दुसऱ्या टोकास एक वृद्ध गृहस्थ अर्धवट झोपेत खाटेवरून पाय खाली सोडीत आहेत, मधल्या खाटेवरील बाईस श्वास लागला आहे, आणि दारात नवा रुग्ण घेऊन चार नातेवाईक उभे आहेत. ती एक आहे. तिने कोठे जावे? जेथे ती जाणार नाही तेथे काही झाले, तर उद्या जबाब तिलाच द्यावा लागणार आहे.

ही केवळ तक्रार नव्हे, याचे गणित मांडले गेले आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांतील, शस्त्रक्रिया झालेल्या दोन लाखांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेकडे जितके रुग्ण असतात त्यांत आणखी एकाची भर पडली, की रुग्णास तीस दिवसांच्या आत मृत्यू येण्याचा संभव सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळले. त्याच देशातील कॅलिफोर्निया राज्याने १९९९ साली या विषयी कायदा केला व २००४ पासून तो अमलात आणला. तेथे सर्वसाधारण वॉर्डात एका परिचारिकेकडे पाचांहून अधिक आणि अतिदक्षता विभागात दोहोंहून अधिक रुग्ण देता येत नाहीत. आपल्या देशातही अशी प्रमाणे कागदावर आखलेली आहेत. परंतु तो कागद आणि प्रत्यक्ष वॉर्ड यांत केवढे अंतर आहे, हे येथे बसलेल्या भगिनींस आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. तात्पर्य, दोन ठिकाणी असण्याची शक्ती मिळविण्याचा मार्ग माणसांस ठाऊक आहे. एकीच्या जागी दोघींस नेमावे, म्हणजे ती शक्ती प्राप्त होते. हा चमत्कार वेतनपत्रकावर घडतो. परंतु तेथे तो घडविण्यास कोणी सहजासहजी तयार होत नाही.

दुसरे वरदान घड्याळ थांबविण्याचे. येथेही आपण थोडा हिशेब करू. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटे. पाच रुग्ण असतील तर प्रत्येकाच्या वाट्यास ९६ मिनिटे येतात. वीस असतील तर २४ मिनिटे, आणि चाळीस असतील तर अवघी १२ मिनिटे. या मिनिटांतच औषधे, इंजेक्शने, ताप व रक्तदाब पाहणे, जखम बांधणे, रुग्णाची कूस बदलणे, वहीत नोंद करणे, डॉक्टरांबरोबर फेरी घेणे, आणि पाळी संपताना दुसरीस सर्व समजावून सांगणे इतके उरकावयाचे असते. त्यात हात स्वच्छ करणे आले. १८४७ साली व्हिएन्ना शहरात डॉ. सेमेलवाइस यांनी दाखवून दिले की, प्रसूतिगृहात जाण्यापूर्वी वैद्यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुतले तर बाळंतिणींचे मृत्यू पुष्कळ कमी होतात. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी व केल्यानंतर हात स्वच्छ करावेत, आणि औषधी द्रव चोळण्यास २० ते ३० सेकंद द्यावेत. वीस रुग्णांपाशी पाळीत तीन-तीन वेळा जाणे झाले, आणि प्रत्येक वेळी आधी व नंतर हात स्वच्छ केले, तर ते १२० वेळा होते. अर्ध्या मिनिटाच्या हिशेबाने त्यात पूर्ण एक तास जातो. हा तास कोणीही तिच्या पाळीत वेगळा धरलेला नसतो. मग एके दिवशी साथ पसरते, चौकशी बसते, आणि परिचारिकेने हात का धुतले नाहीत असे विचारले जाते. घड्याळ थांबविण्याची कळ मागणाऱ्या आमच्या भगिनीस आळस करावयाचा नाही. नियमाप्रमाणे काम करता यावे एवढाच वेळ तिला पाहिजे आहे.

तिसरे वरदान न थकणाऱ्या पायांचे आणि न मोडणाऱ्या कमरेचे. या बाबतीत फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचे उदाहरण घेण्याजोगे आहे. त्यांचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे क्रिमियातील युद्ध आणि हातातला दिवा येतो. परंतु त्या युद्धास जाण्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १८५३ साली, लंडनच्या हार्ले स्ट्रीट भागातील आजारी स्त्रियांच्या एका लहानशा संस्थेचा कारभार त्यांनी हाती घेतला. त्या वेळी त्यांनी चालकांकडे काय मागितले? ऊन पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर यावे. जेवण वर चढविण्यासाठी पाळणा असावा. आणि रुग्णांच्या घंटा परिचारिकेच्या खोलीबाहेर अशा बसवाव्यात की, कोणाची घंटा वाजली हे खूण पाहून तिला तत्काळ कळावे. ही व्यवस्था नसेल तर परिचारिका म्हणजे नुसती पायांची जोडी होऊन बसते, अशा आशयाचे त्यांनी पत्रात लिहिले होते. या थोर बाईंनी पंख मागितले नाहीत. नळ, पाळणा आणि घंटा मागितल्या. परिचर्येच्या इतिहासात ही गोष्ट दिव्याइतकीच महत्त्वाची आहे असे आम्ही समजतो.

कमरेचेही तसेच. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या अभ्यासकांनी २००७ साली असे मत मांडले की, रुग्णास हाताने उचलताना एका व्यक्तीवर सुमारे १६ किलोंहून अधिक भार पडू नये. आता पूर्ण वाढलेल्या पुरुषास खाटेवर वर सरकविणे, त्याची कूस पालटणे, त्यास खुर्चीत बसविणे यांत किती भार पडतो याचा विचार आपणच करावा. त्यासाठी उचलण्याची यंत्रे आहेत, सरकविण्याच्या चादरी आहेत, आणि मावशी व वॉर्डबॉय यांच्या मंजूर जागाही आहेत. या जागा रिकाम्या राहिल्या की त्यांचे काम कोणाच्या कमरेवर येते, हे वेगळे सांगावयास नको.

चौथे वरदान दिव्य दृष्टीचे. कातडीखालची शीर दिसावी, रुग्ण बिघडण्यापूर्वीच कळावे, अशी मागणी कित्येकींनी केली आहे. येथे आनंदाची गोष्ट ही की, माणसाच्या बुद्धीने या वरदानाचा काही अंश मिळविला आहे. जपानमधील ताकुओ आओयागी या अभियंत्याने १९७४ साली अशी युक्ती प्रसिद्ध केली की, शरीराच्या पातळ भागातून प्रकाश पार करून, सुई न टोचता, रक्तात प्राणवायू किती आहे हे कळावे. बोटास लावावयाचा तो चिमटा २०२० सालच्या महामारीत आपल्या घराघरांत आला. डोळ्यांस न दिसणारा तांबड्यापलीकडचा प्रकाश हातावर टाकून शिरांचे जाळे कातडीवर उमटविणारी उपकरणेही आता आहेत. लहान मुलांच्या व वृद्धांच्या वॉर्डात ती फार उपयोगी पडतात. परंतु यंत्रासही मर्यादा असते. सावळ्या कातडीवर तो बोटाचा चिमटा कधी कधी खऱ्याहून अधिक प्राणवायू दाखवितो, असे आढळून आले आहे. आपल्या देशात हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे. म्हणून यंत्राच्या मागे पाहणारे माणसाचे डोळे लागतातच.

असे डोळे कसे असतात ते सांगतो. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात रॉचफर्ड येथील रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा विभाग होता. तेथील सिस्टर वॉर्ड यांचा असा ठाम विश्वास होता की, कोंदट खोलीपेक्षा ऊन व मोकळी हवा बालकांस हितकर असते. म्हणून त्या बालकांस अंगणात उन्हात नेत. १९५६ साली त्यांनी एका काविळीच्या बालकाचे अंग डॉक्टरांस दाखविले. सगळे अंग फिकट झाले होते, मात्र चादरीच्या टोकाखाली झाकलेला तेवढाच तुकडा पिवळाधमक राहिला होता. या निरीक्षणावरून पुढे तेथील वैद्यांनी प्रयोग केले व १९५८ साली ते प्रसिद्ध केले. आज जगभर नवजात बालकांची कावीळ निळ्या दिव्याखाली ठेवून उतरविली जाते. या सभेतील कित्येकांची मुलेबाळे त्या दिव्याखाली राहून आलेली असतील. त्याचे मूळ एका परिचारिकेच्या नजरेत आहे.

आणखी एक गोष्ट. अनुभवी परिचारिका पुष्कळदा म्हणते, "याचे काही ठीक दिसत नाही." नाडी बरी असते, रक्तदाब बरा असतो, कारण विचारले तर तिला नेमके सांगता येत नाही, आणि दोन तासांनी रुग्ण खरोखरच बिघडतो. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात १९९० च्या सुमारास संकटकाळी धावून जाणारी वैद्यांची तुकडी स्थापन झाली, तेव्हा तिला बोलाविण्याच्या कारणांत परिचारिकेस वाटणारी गंभीर काळजी हेही एक पुरेसे कारण धरले गेले. म्हणजे ज्या दृष्टीचे वरदान आपण मागता, ते काही अंशी आपणांपाशी आहेच. आता उणीव आहे ती तिच्या शब्दास मान देणाऱ्या कानांची.

पाचवे वरदान परकायाप्रवेशाचे. रुग्णास किती दुखते आहे हे त्याच्या शरीरात शिरून जाणता आले तर किती बरे, असे एका भगिनीने लिहिले आहे. ही मागणी वाचून आम्ही थबकलो. जो मोठ्याने ओरडतो त्याचे दुखणे सर्वांस कळते. परंतु जो दात आवळून पडलेला आहे, जे बालक बोलू शकत नाही, जी सून सासूसमोर कण्हण्यास लाजते, त्यांचे काय? अमेरिकेतील टल्सा शहरात १९८० च्या दशकाच्या आरंभी डोना वाँग नावाच्या परिचारिकेने व कॉनी बेकर नावाच्या तिच्या सहकारिणीने याच अडचणीवर उपाय शोधला. भाजलेल्या मुलांस आकड्यांत दुखणे सांगता येईना. तेव्हा त्यांनी मुलांकडूनच चित्रे काढवून घेतली, आणि हसऱ्यापासून रडव्यापर्यंत सहा चेहऱ्यांची एक पट्टी तयार केली. मुलाने बोट ठेवावे, की दुखणे कळले. आज ती पट्टी आपल्याकडील वॉर्डांतही दिसते.

तथापि हे वरदान अक्षरशः मिळू नये अशीच आमची प्रार्थना आहे. वीस जणांचे दुखणे एकाच देहात आले तर तो देह संध्याकाळपर्यंतही टिकणार नाही. दुःख जाणणे निराळे आणि दुःखात बुडून जाणे निराळे. शुश्रूषा करणाऱ्याने काठावर एक पाय रोवून दुसऱ्यास हात द्यावा लागतो. ज्या भगिनी घरी गेल्यावरही रुग्णांचे चेहरे विसरू शकत नाहीत, त्यांनी आपल्या मनाचा भार कोणापाशी तरी हलका करावा. त्यासाठी मैत्रीण असावी, पती असावा, आणि आमच्या घराचे दारही उघडे आहे.

सहावे वरदान सर्व भाषांचे. पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाने प्रेषितांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकले, हे आपणांस ठाऊक आहे. मुंबईच्या एका वॉर्डात तर रोजच पेन्टेकॉस्ट असतो. उणीव असते ती त्या देणगीची. मराठी, हिंदी, गुजराती, कोंकणी, उर्दू, तेलुगू अशा अनेक बोलींत तेथे कण्हणे चालू असते. केरळातून आलेल्या कितीतरी भगिनी आपल्या रुग्णालयांत काम करतात. मराठीतील व्याकरण त्यांस येवो वा न येवो, "कुठे दुखतंय?" आणि "घाबरू नका" हे शब्द त्या सर्वांआधी शिकतात. त्यांचा उच्चार ऐकून हसणारे लोक आम्ही पाहिले आहेत. उलट आपल्या वसईकडची एखादी म्हातारी, जिला आयुष्यभर सामवेदी वा वाडवळी बोलीखेरीज काही बोलावे लागले नाही, ती शहरच्या वॉर्डात जाऊन पडते आणि आपल्याच गावची परिचारिका तिच्याशी घरच्या बोलीत दोन शब्द बोलते, तेव्हा त्या म्हातारीचा अर्धा आजार तेथेच उतरतो. घरची बोली मुलांस शिकविण्याचा हाही एक उपयोग आहे, हे मातापित्यांनी ध्यानात घ्यावे.

सातवे वरदान अदृश्य होण्याचे. ते वाचून आम्हांस वाटले की भगिनींस कोठे तरी निघून जावयाचे असेल. परंतु खाली लिहिले होते, "फक्त पंधरा मिनिटे. डबा खाण्यापुरते." बंधुजनहो, हे वरदान देणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. परिचारिका डबा उघडून बसली की नेमके त्याच वेळी आपल्यांतील कोणी तरी दारात उभा राहून विचारतो, "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?" पाच मिनिटांपूर्वी त्याच्याच भावाने हे विचारलेले असते. गंमत अशी की, एरवी ती आपणांस अदृश्यच असते. डॉक्टरांचे नाव आपणांस पाठ असते. पंधरा दिवस आपल्या पित्याची मलमूत्रे काढणाऱ्या स्त्रीचे नाव आपण विचारीत नाही. २०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका व सुईणी यांचे वर्ष म्हणून महामारीच्या पूर्वीच जाहीर केले होते. ते वर्ष त्यांनी नखशिखांत झाकणाऱ्या पोशाखात, तासन् तास पाण्याच्या घोटाविना काढले. रुग्णास आपण कोण हे कळावे म्हणून कित्येकींनी त्या पोशाखावर शाईने आपले नाव लिहिले. नावाची किंमत त्या वेळी सर्वांस कळली.

आता शेवटच्या चिठ्ठीविषयी. तिच्यावर कोणतेही वरदान मागितलेले नव्हते. एकच ओळ होती : "मला शक्ती नको, पुढच्या वर्षी हे काम सोडावे असा विचार आहे." ती भगिनी कोण हे आम्हांस ठाऊक नाही, आणि शोधण्याची आमची इच्छाही नाही. कदाचित ती या सभेत बसलेली असेल. तिला आम्ही त्यागाचा उपदेश करणार नाही. त्याग तिने आमच्याहून अधिक केलेला आहे. सेवा हे पाचारण आहे असे म्हणून अपुरे मनुष्यबळ, थकलेली वेतने आणि लागोपाठच्या रात्रपाळ्या झाकून टाकणे, हे पाचारणाचा अपमान करणे होय. तिने काम सोडले तर ती दोषी ठरणार नाही. परंतु तिने ते सोडू नये असे आपणां सर्वांस वाटत असेल, तर काही गोष्टी आपणांस कराव्या लागतील.

त्यापूर्वी एका घटनेचे स्मरण देतो. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, त्या अंथरुणास खिळून होत्या आणि त्यांच्या सहकारिणींनी त्यांची शुश्रूषा केली. २०११ साली त्यांच्याविषयीचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा त्या परिचारिकांच्या सेवेचा न्यायालयाने गौरवाने उल्लेख केला. इतकी वर्षे खिळून असलेल्या देहावर त्यांनी शय्याव्रण होऊ दिले नव्हते. असा रुग्ण असेल तर साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. म्हणजे दिवसास बारा वेळा. पहिल्या परिचारिका निवृत्त झाल्या, दुसऱ्या आल्या, पुढे हल्ल्याच्या वेळी जन्मासही न आलेल्या मुली गणवेश घालून त्याच खाटेपाशी उभ्या राहिल्या. यांतील एकीपाशीही अलौकिक शक्ती नव्हती. एकीचे काम दुसरीने हाती घेतले, आणि कोणीही एकटी पडली नाही. चार दशके पुरणारे बळ अशा रीतीने उत्पन्न झाले.

तेव्हा धर्मग्रामातील बंधुभगिनींस आमची मागणी पुढीलप्रमाणे आहे. रुग्णालयात आपला मनुष्य असेल तर चौकशी करण्यास घरातील एकानेच जावे व बाकीच्यांस त्याने सांगावे. परिचारिकेचे नाव विचारावे आणि त्या नावाने तिला हाक मारावी. तिच्यावर आवाज चढवू नये; जेथे दुसरा कोणी चढवीत असेल तेथे मध्ये उभे राहावे. रुग्णास भरविणे, पाय चेपणे, कूस बदलताना हात देणे, ही कामे तिला विचारून शिकून घ्यावीत. आपल्यापैकी जे रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत अथवा ज्यांची स्वतःची प्रसूतिगृहे आहेत, त्यांनी रात्रीच्या पाळीत एका परिचारिकेकडे किती रुग्ण आहेत हे स्वतः रात्री जाऊन मोजावे. निवडणुकीच्या वेळी जे मते मागण्यास येतील, त्यांस सरकारी रुग्णालयांत परिचारिकांच्या किती जागा रिकाम्या आहेत हा प्रश्न विचारावा. तो प्रश्न रस्त्याच्या प्रश्नाइतकाच आपला आहे.

घरच्या मंडळींस दोन शब्द अधिक. रात्रपाळी करून आलेली सून दारात पाऊल ठेवते आणि चूल तिची वाट पाहत असते, असे काही घरांत आजही आहे. सासूबाईंनी व पतिराजांनी हे मनावर घ्यावे. तिची झोप ही तिच्या रुग्णांची ठेव आहे. ती मोडण्याचा अधिकार कोणासही नाही. आणि दिवसा झोपणाऱ्या या भगिनींच्या घरांजवळ लग्नाचा बँड किंवा आपल्याच महोत्सवाचा ध्वनिक्षेपक दुपारभर वाजत असेल, तर तो बंद करण्यास समितीस आम्ही आजच सांगितले आहे.

परिचारिका भगिनींनो, तुमच्या चिठ्ठ्या आम्ही जपून ठेवणार आहोत. आपल्या भाषेत धर्मभगिनीस सिस्टर म्हणतात आणि तुम्हांसही सिस्टरच म्हणतात. बहिणीने काही मागितले तर ते पुरविण्याचे कर्तव्य भावंडांवर पडते, हे आज या सभेस आम्ही सांगितले आहे. पुढील वर्षी याच सुमारास पुन्हा कोऱ्या चिठ्ठ्या पाठवू. त्यांवर मागणी थोडी कमी झालेली दिसावी, एवढ्यासाठी आम्हां सर्वांस वर्षभर श्रम करावे लागतील. परमेश्वर तुमच्या हातांस बळ देवो व तुम्हांस शांत झोप देवो.